खालच्या अकरा ओळी

बातमी खालून कापतात. वृत्तपत्रात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं जातं. काय झालं, कुठे झालं, कोणाचं झालं हे पहिल्या परिच्छेदात येतं, त्याहून कमी महत्त्वाचं दुसऱ्यात. अगदी शेवटी व्यासपीठावर कोण होतं आणि आभार कोणी मानले. जागा कमी पडली की खालच्या ओळी काढायच्या. आभार गेले तरी बातमी जात नाही.

बारामतीच्या विभागीय कार्यालयात उपसंपादक म्हणून मी नोकरीची बहुतेक वर्षं हेच केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. या सवयीने एकदा एका मुलीचं मत अर्धं छापलं गेलं आणि अर्धं छापल्यामुळे ते उलटं झालं. त्याबद्दल लिहायचं आहे. पण ज्या पानावर हे घडलं ते पान कसं निघायचं, हे आधी सांगायला हवं.

आमच्या दैनिकाची बारामती आणि इंदापूर तालुक्यांसाठी रविवारची पुरवणी असे. तिच्यात मुलांचं एक पान होतं आणि ते माझ्याकडे होतं. पानावर एक सदर होतं, 'वाचून झाल्यावर'. आमच्या पिढीने वाचलेल्या जुन्या, गाजलेल्या बालकादंबऱ्या आताच्या मुलांनी वाचायच्या आणि आपलं मत लिहून पाठवायचं, एवढीच कल्पना. पुस्तकं शाळांच्या कपाटांत होती. कपाटांना कुलपं होती आणि किल्ल्या कोणाकडे आहेत हे बघावं लागेल, असं बहुतेक मुख्याध्यापकांनी सांगितलं. सदर सुरू झाल्यावर बऱ्याच किल्ल्या सापडल्या.

मुलं भारावून लिहितील, आया आणि आज्या स्वतःचं लहानपण आठवून पान जपून ठेवतील, अशी संपादकांची अपेक्षा होती. मुलांना ती कळवलेली नव्हती.

मुलं पुस्तकाचं नाव क्वचित लिहीत. लेखकाचं तर नाहीच. 'बेटाचं', 'कुत्र्याचं', 'हॉस्टेलचं' अशीच पुस्तकं ओळखली जात. पुढे आमच्या यादीतही हीच नावं रूढ झाली. इथेही मी तीच वापरते.

बेटाच्या पुस्तकावर जळोचीच्या चौथीतल्या एका मुलाने लिहिलं होतं की बोट फुटलेली माणसं बेटावर केळी लावतात, पपया लावतात आणि वर्षभर मजेत राहतात. पण पाणी कुठून आणलं हे लेखकाने सांगितलेलं नाही. त्याच्याकडे कॅनॉलच्या पाण्याची पाळी आली की सगळं घर शेतात असतं. बेटावर पाण्यासाठी एकदाही कोणी भांडलं नाही, म्हणून पुढचं पुस्तक त्याला खरं वाटलं नाही. मी लहानपणी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. पुन्हा काढून पाहिलं. पाण्याचा उल्लेख खरोखरच नव्हता.

कुत्र्याच्या पुस्तकात शेवटी कुत्रा मरतो आणि त्या दुःखातून वाया गेलेला मुलगा शहाणा होतो. लोणी भापकरच्या एका मुलीने विचारलं होतं की मुलाला शहाणं करण्यासाठी कुत्र्याला मारायची काय गरज होती. मास्तर होते की पुस्तकात.

मुलांच्या नावाने पालकांनी लिहिलेली मतंही येत. ती ओळखायची खूण सोपी होती. 'संस्कार' हा शब्द पहिल्या परिच्छेदात आला की आई, 'प्रेरणादायी' आला की वडील. एका डॉक्टर दांपत्याच्या सहा वर्षांच्या मुलाने 'कालातीत' असा शब्द वापरला होता. ते मत मी परत पाठवलं आणि मुलाला फक्त चित्र काढून पाठवायला सांगितलं. चित्र आलं. तेही मोठ्या माणसाने काढलेलं होतं.

मुलांच्या मजकुराला आमचा एकच नियम होता. शुद्धलेखन सुधारायचं, 'हाय'चं 'आहे' करायचं, मताला हात लावायचा नाही. या नियमाचा मला अभिमान होता. बाहेरच्या कार्यक्रमांत मी तो सांगतही असे.

ईश्वरी तेव्हा पाचवीत होती. भवानीनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत ती राहायची. वडील सुहास कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे आणि आकडा कागदावर लिहून द्यायचा, हे त्यांचं काम. आई अंगणवाडीत. घरात आजोबा होते, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांची नजर काचबिंदूने गेल्यात जमा होती. रोज सकाळी शाळेच्या आधी ईश्वरी त्यांना पेपर वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा ती माझ्यासाठी एक नाव आणि रेघी वहीची अडीच पानं होती. ती पानं पेपर टाकणाऱ्या मुलाबरोबर एजंटाकडे आणि एजंटाकडून आमच्याकडे आली होती.

मत हॉस्टेलच्या पुस्तकाबद्दल होतं. डोंगरावरच्या एका वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींची ती गोष्ट. ईश्वरीने ती दोन पानं भरून रंगवून सांगितली होती. पोहण्याच्या शर्यती, गच्चीवर चोरून केलेली भेळ, बाहेरून कडक आणि आतून मऊ असलेल्या गृहप्रमुखबाई. पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: 'अशा शाळेत रोजच सहल असते.' मी त्याचा मथळा केला. मथळा पहिल्या परिच्छेदातून काढतात, हीसुद्धा पहिल्या आठवड्यातलीच शिकवण.

पान गुरुवारी दुपारी सोडायचं असे. पान सोडणं म्हणजे लावून झालेलं पान पुण्याला छपाईसाठी पाठवणं. त्या गुरुवारी दोनच्या सुमाराला एक जाहिरात आली. प्रवेशाचे दिवस होते आणि जाहिरात घाटाकडच्या एका निवासी शाळेची होती. तिला जागा करून दिल्यावर पान लावणारे आमचे रमेश म्हणाले, "मॅडम, पोरीच्या अकरा ओळी जास्त होतायत."

"खालच्या काढा," मी म्हणाले. मान वर केल्याचं मला आठवत नाही.

रविवारी पान निघालं. वर मथळा, त्याखाली दोन पानांची मजा आणि तिच्या खाली लगेच निवासी शाळेची जाहिरात.

आठेक दिवसांनी ईश्वरीची चिठ्ठी आली. 'संपादक मॅडम, माझं मत अर्धंच आलं आहे. उरलेलं मत छापायला किती दिवस लागतात?' अशा चिठ्ठ्या येत असत. त्यांना 'जागेअभावी' असं एक ठरलेलं उत्तर होतं. मी तेही पाठवलं नाही. चिठ्ठी फाइलला लावली. आज मागे पाहताना अकरा ओळी काढण्यापेक्षा ही चूक मला मोठी वाटते. ओळी काढताना मी त्या वाचल्या नव्हत्या. चिठ्ठी मी वाचली होती.

त्यानंतर एका शुक्रवारी सकाळी आबा कार्यालयात आले. वसाहतीतल्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना गाडीतून आणून जिन्याच्या तोंडाशी सोडलं होतं. जिना ते कठड्याला धरून एकटे चढले. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी लॅमिनेट केलेलं कात्रण काढलं आणि माझ्या आवाजाच्या दिशेने धरलं.

"बाई, पेपरात काय हाय ते वाचून दावा."

मी मथळ्यापासून वाचलं. ते मान खाली घालून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "फुडं?"

"पुढे जाहिरात आहे, आबा."

"आन् मी जाणार न्हाय, ते कुठं हाय?"

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. ज्या रविवारी पान निघालं त्या सकाळी ईश्वरीने नेहमीप्रमाणे आबांना पेपर वाचून दाखवला. स्वतःचं मतही दाखवलं आणि ते शेवटपर्यंत वाचलं. शेवटी तिने, अशा शाळेत मी जाणार नाही, असं वाचलं. आबांनी ते ऐकलं. सुहासरावांनी तोच पेपर नंतर स्वतः वाचला. त्यांना मजा दिसली आणि मजेच्या खाली प्रवेशाची जाहिरात दिसली. मुलीला हॉस्टेलमध्ये जायचंय, आपल्याला सांगायला लाजते आणि पेपरात लिहिते, असा त्यांनी अर्थ लावला. कात्रण लॅमिनेट करून टीव्हीशेजारी लावलं. त्या शाळेत चौकशी केली, अर्ज भरला. वसाहतीत लोक अभिनंदन करून गेले.

जेवताना हा विषय निघाला तेव्हा आबा म्हणाले, पोरीनं तर पेपरात लिवलंय जाणार न्हाय म्हणून. सुहासरावांनी कात्रण भिंतीवरून काढून आणलं आणि वाचलं. तसं कुठेच नव्हतं. ईश्वरी म्हणाली, मी लिहिलं होतं. लिहिलं असतंस तर छापलं असतं, असं वडील म्हणाले. मग त्यांनी विचारलं की पेपरात नसलेलं तू आबांना वाचून दाखवतेस का. आणि दाखवत असशील, तर आजवर काय काय दाखवलंस?

"तवापासनं वाचत न्हाय," आबा म्हणाले. "मीबी वाच म्हणलं न्हाय. पेपर घडी घातल्याला तसाच पडतोय. सोमवारी सुहास प्रवेश पक्का करायला चाललाय. पोरगी जायला व्हय म्हणती. खोटारडी म्हणवून घ्यायापरीस गेल्यालं बरं, असं तिला वाटतंय, असं मला वाटतंय. आता तुमी सांगा, बाई. पेपरात नक्की काय व्हतं?"

पेपरात काय होतं ते मी त्यांना नुकतंच वाचून दाखवलं होतं. पण ते वेगळंच विचारत होते.

मुलांचे मूळ कागद आम्ही दिवाळीपर्यंत ठेवत असू. मी बॉक्स फाइल काढली. रेघी वहीची अडीच पानं सापडली. शेवटचं अर्धं पान मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं, आबांबरोबर, मोठ्याने:

'पुस्तक मजेशीर आहे पण मला ते खरं वाटलं नाही. यातल्या मुलांना घरची आठवण फक्त एकदा येते, पान अठ्ठेचाळीसवर, आणि ती पण लाडवाचा डबा येतो तेव्हा. लेखक हॉस्टेलमध्ये राहिला नसेल. किंवा मोठा झाल्यावर विसरला असेल. मी अशा शाळेत जाणार नाही. मी गेले तर आबांना पेपर कोण वाचून दाखवणार? आई सकाळी डबे करते आणि पप्पा फक्त मथळे वाचतात.'

पोरांना आधी गोष्ट सांगावी लागते. मत त्यांच्याकडे शेवटी येतं, धावत आल्यासारखं. इतकी वर्षं मुलांचं पान काढून हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण हात वृत्तपत्राचे होते.

आबांनी हात पुढे करून कागद चाचपला. मग म्हणाले, "कवा लिवलंय?"

वर कोपऱ्यात वार आणि तारीख होती. पान निघण्याच्या दोन आठवडे आधीची.

"म्हंजी जाहिरातीच्या आदी."

"हो."

"मंग झालं." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी झेरॉक्स काढून दिली. त्यांनी ती घडी न करता हातातच ठेवली. "सुहास झेरॉक्सवर इस्वास ठिवायचा न्हाय. त्येला छापल्यालं लागतं. छापा."

हे माझ्या हातात नव्हतं. चुकीसाठी आमच्याकडे खुलासा छापायची पद्धत होती आणि त्यासाठी वृत्तसंपादकांची परवानगी लागे. त्यांनी छापलेलं कात्रण आणि मूळ कागद शेजारी ठेवून पाहिले. खुलासा चुकीच्या माहितीचा असतो, मताचा नसतो, असं ते म्हणाले. छापलेला प्रत्येक शब्द मुलीचा आहे, एकही आपण घातलेला नाही, मग चूक कोणती? मी कात्रण पुन्हा पाहिलं. प्रत्येक शब्द तिचा होता. मुलांचं पान आदल्या दिवशीच गेलं होतं. मुख्य अंकात शनिवारी रात्री उशिरा जाणाऱ्या पानावर एक चौकट मोकळी आहे का, एवढंच मी विचारलं. होती. 'एका वाचकाच्या मतातील राहिलेला भाग' असा नीरस मथळा देऊन त्या अकरा ओळी रविवारच्या अंकात गेल्या. संदर्भ ठाऊक नसलेल्या वाचकाला त्यातून काहीही कळण्यासारखं नव्हतं. एका घराला कळलं की पुरे होतं.

सोमवारी दुपारी सुहासरावांचा फोन आला. प्रवेश पक्का करायला ते गेले नव्हते.

"मॅडम, अर्ध्या नमुन्यावर मी कधी रिपोर्ट देत नाही," ते म्हणाले. "घरात दिला."

मग त्यांनी सांगितलं की त्यांना स्वतःला मुलीला पाठवायचं नव्हतंच. आईला तर अजिबात नव्हतं. पण पोरीची इच्छा आहे आणि तीही पेपरात आलेली, तर आपण आडवं का यावं, असं दोघांनाही वाटलं होतं. म्हणजे ज्या घरातून मुलगी निघाली होती त्या घरात तिला घालवायला कोणीही तयार नव्हतं. सगळे पेपरवर विसंबून होते. मी फोन ठेवला तेव्हा प्रकरण मिटलं असं मला वाटलं. अनुभवाने सांगते, फोन ठेवल्यावर जे मिटलं असं वाटतं ते सहसा मिटलेलं नसतं.

पंधरा दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. एकदा घरी येऊन जा, पोरगी नीट बोलत नाही, म्हणाले. मी भवानीनगरला गेले. गळीत हंगाम संपला होता, चिमणी थंड होती आणि वसाहतीत दुपारची शांतता होती. टीव्हीशेजारी आता दोन कात्रणं होती, दोन्ही लॅमिनेट केलेली, एकाखाली एक. आतल्या खोलीतून एका बाईचा एकसुरी आवाज येत होता. सुहासरावांनी आबांच्या मोबाइलवर पेपर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय करून दिली होती. आपल्या डोळ्यांपायी पोरीने अडकून राहू नये, असं आबांनीच सांगितलं होतं म्हणे. बाईने एका संस्थेच्या निवडणुकीची बातमी संपवली आणि त्याच सुरात कोणाच्यातरी दशक्रियेची वेळ सांगितली.

ईश्वरी दाराच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि माझी चूक झाली, असं सांगितलं. ती म्हणाली की ते तिला माहीत आहे. आता तिचं काय मत आहे, असं मी विचारलं.

"मी लिहिलं तवा ते खरं होतं," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता आबांना मोबाइल वाचून दाखवतो." तिने पायरीवरचा खडा उचलून बाजूला ठेवला. "आणि घरची आठवण एकदाच येते का सारखी येते, ते गेल्याशिवाय कसं कळणार?"

"म्हणजे तुला जायचं आहे?"

"मी असं म्हणाले का?"

ती तसं म्हणाली नव्हती. दारात तिची आई उभी होती. तिने मला विचारलं, "मॅडम, आता आम्ही कुठलं धरायचं? पहिलं, दुसरं का हे?" सुहासराव कात्रणांकडे बघत होते. आतून आबा म्हणाले, "पेपरवाल्यांनी पोरीचं मत इचारून इचारून पार पातळ केलं." त्यावर ईश्वरी हसली. त्या भेटीत ती तेवढीच एकदा हसली.

मी निघाले तेव्हा आबांनी मला थांबवलं. मोबाइल बंद करायला सांगितला.

"बाई, पोरगी वाचताना मधी मधी आपलं घालायची," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढाऱ्याचं भाषण वाचलं की खाली, 'पण असं कुणी करत न्हाय', असं जोडायची. मला समजायचं. पेपर असा बोलत न्हाय."

"मग कार्यालयात कशाला आलात, आबा?"

"सुहासला त्ये कसं सांगू? आन् त्या शेवटच्या वळी तिनं माझ्यासाठी तवाच जुळीवल्या का आदी लिवल्या व्हत्या, त्येवढंच बघायचं व्हतं."

जूनमध्ये ईश्वरी त्या निवासी शाळेत गेली. हा निर्णय कोणी घेतला, हे मी नंतर तिघांना स्वतंत्रपणे विचारलं. वडील म्हणाले, तिने हट्ट धरला. आई म्हणाली, शेवटी यांनीच ठरवलं. आबा म्हणाले, कुणीच ठरवलं न्हाय, बॅग भरल्याली दिसली. तिघंही खरं सांगत होते, असं माझं मत झालं. बातमी असती तर मी तिघांचंही म्हणणं दिलं असतं आणि वाचकावर सोडलं असतं.

मी निवृत्त होण्याच्या आधीच्या महिन्यात तिचं पाकीट आलं. या वेळी तीन पानं होती. तेच हॉस्टेलचं पुस्तक तिने तिकडच्या ग्रंथालयातून घेऊन पुन्हा वाचलं होतं. पहिल्या दोन पानांत पुन्हा सगळी गोष्ट होती, शर्यती आणि भेळ आणि गृहप्रमुख. पण मधे मधे तिच्या खऱ्या हॉस्टेलमधल्या मुलीही आल्या होत्या. कोण कोणाचं कोण हे नीट कळत नव्हतं. तिसऱ्या पानावर मत होतं.

'पान अठ्ठेचाळीस खरं आहे. डबा आल्यावर आठवण जास्त येते. हे लेखकाला माहीत होतं म्हणजे तो हॉस्टेलमध्ये राहिला असेल. मी आधी लिहिलं ते चुकलं. पण लेखकाने फक्त दुपारचं लिहिलं आहे. संध्याकाळचं त्याने लिहिलेलं नाही. मला इथे आवडतं का असं सगळे विचारतात. सोमवारी आवडतं. रविवारी आवडत नाही. पुस्तकात वार दिलेले नाहीत.'

गुरुवारी दुपारी जाहिरात आली. जाहिरात येणारच असते. रमेश म्हणाले, "मॅडम, ओळी जास्त होतायत. खालच्या काढू?"

"वरच्या काढा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग वरून काढल्या. गोष्ट सगळी गेली आणि मत राहिलं. नोकरीत मी एकदाच वरून कापलं. रविवारी वाचकांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: हे कुठल्या पुस्तकाबद्दल आहे? वृत्तसंपादकांनीही तेच विचारलं. वाचकाला काहीच कळत नाही, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं योग्य होतं.

त्याच सकाळी कार्यालयाच्या फोनवर आबा आले. सुनेने नंबर लावून दिला होता. मोबाइलवरच्या बाईने पोरीचं वाचलं, पण तिचा सूर काही समजत नाही, तुम्ही वाचून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. ईश्वरीची तीन पानं टेबलावरच होती. मी सुरुवात केली. शर्यती वाचल्या, भेळ वाचली, ताप आलेल्या मैत्रिणीच्या उशाशी गृहप्रमुखबाई बसून राहिल्या ते वाचलं. ही बाई पुस्तकातली की खरी, ते मलाही सांगता आलं नसतं. आबांनी मला मधेच थांबवलं.

"ह्ये त्या मोबाइलच्या बाईनं वाचलं न्हाय."

"ते छापलेलं नाही, आबा. जागा नव्हती."

"मंग तुमीबी पेपरात नसल्यालं वाचून दावताय की, बाई."

मी कागदावरून नजर काढली. समोर त्या दिवशीचा छापील अंक होता. त्यात यातलं खरोखरच काही नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "वाचा फुडं."